छत्र्या मोजल्या, रोपे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोकोत्रा बेटावरच्या छत्रीसारख्या झाडांची छायाचित्रे गेली काही वर्षे मराठी दैनिकांत आणि त्यांच्या पुरवण्यांत वरचेवर दिसतात. चित्राखाली बहुतेक वेळा दोन वाक्ये असतात: हे झाड हजार वर्षे जगते, आणि ते नामशेष होत चालल्यामुळे तिथे रोपे लावली जात आहेत. पहिल्या वाक्याला मोजमापाचा आधार नाही. दुसरे अर्धे खरे आहे, पण त्यातून जे अर्धे सुटते तेच महत्त्वाचे आहे. बेटांवरच्या प्रदेशनिष्ठ झाडांचा अभ्यास करणाऱ्या आम्हा काही वाचकांना म्हणून जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

झाडाचे शास्त्रीय नाव ड्रॅसिना सिनाबारी. सोकोत्रा हे येमेनचे बेट. अरबी समुद्रात, आफ्रिकेच्या शिंगाच्या पूर्वेला. मुख्य बेट सुमारे ३,६०० चौरस किलोमीटरचे. या द्वीपसमूहावर नोंदलेल्या ८२५ वनस्पती-जातींपैकी ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेही आपसूक उगवत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे प्रमाण ९० टक्के आणि जमिनीवरच्या गोगलगायींत ९५ टक्के आहे. २००८ मध्ये युनेस्कोने या द्वीपसमूहाला जागतिक वारसा ठरवले ते यामुळेच. झाडाच्या सालीतून पाझरणारी लाल राळ आपल्याकडे हिरादखण म्हणून ओळखीची आहे. आज त्या नावाने मिळते ती बहुतांशी आग्नेय आशियातल्या वेतांची राळ असते, पण सोकोत्राचा व्यापार त्याहून जुना. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविक-पुस्तिकेत, या बेटावर झाडांवरून थेंब थेंब गोळा होणाऱ्या आणि ‘भारतीय’ म्हणवल्या जाणाऱ्या हिंगुळाचा, म्हणजे लाल रंगद्रव्याचा, उल्लेख आहे. बेटावरच्या होक गुहेत भारतीय व्यापाऱ्यांनी ब्राह्मी लिपीत कोरलेली आणि खरडलेली नावे सापडली आहेत. ‘सिनाबारी’ या शब्दातही तोच हिंगूळ आहे. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर १८८० मध्ये बेटावर गेले आणि १८८२ मध्ये त्यांनी झाडाला हे नाव दिले. अरबीत राळेला ‘दम अल-अखवैन’, म्हणजे दोन भावांचे रक्त, म्हणतात.

आता वयाचे. ड्रॅसिना एकदल वनस्पती आहे, म्हणजे आंबा-सागापेक्षा ताड, गवत आणि कांद्याला जवळची. एकदल असूनही तिचे खोड जाड होत जाते, कारण सालीच्या आतल्या बाजूला वाढीचा एक वेगळा थर असतो. पण त्यातून वार्षिक वलये तयार होत नाहीत. खोड आडवे कापा किंवा बारीक नळीने गाभा काढा, वय वाचता येत नाही. हजार वर्षांचा आकडा असा कुठूनही मोजून आलेला नाही. सर्वांत म्हातारी झाडे काही शतकांची असावीत, इतपतच म्हणता येते.

तरी वयाचा अंदाज करण्याची एक रीत आहे आणि ती याच झाडाच्या स्वभावातून आलेली आहे. फांदीच्या टोकाला फुलांचा तुरा आला की त्या टोकाची वाढ तिथेच थांबते. मग तुऱ्याखालच्या डोळ्यांतून नव्या फांद्या फुटतात. म्हणजे प्रत्येक फाटा हा एका फुलोऱ्याची खूण असतो. खोडापासून टोकापर्यंत एका वाटेवर किती फाटे लागतात ते मोजायचे आणि दोन फुलोऱ्यांमधल्या सरासरी काळाने गुणायचे. एकाच टोकाच्या बाबतीत हा काळ साधारण दोन दशकांचा धरला जातो. त्यात पहिल्या फाट्यापूर्वीची वर्षे मिळवायची. या रीतीत चुका होतात. किड्याने किंवा शेळीने शेंडा खाल्ला तरी फाटा फुटतो आणि तो फुलोऱ्याचा समजून एक टप्पा जास्त धरला जातो. उलट फांदी मोडून पडली की टप्पे कमी भरतात. म्हणून एका झाडावरून निष्कर्ष काढू नये. एका पट्ट्यातली निदान काही डझन झाडे मोजावीत आणि प्रत्येक झाडावर तीन-चार वाटा मोजाव्यात. एकेका झाडाचे वय अशाने अंदाजेच कळते, पण पूर्ण रानाचा वयोगट बऱ्यापैकी उलगडतो. संवर्धनाला लागते ती माहिती हीच.

झाडे किती आहेत? चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो येथील मेंडेल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून केलेली गणना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ८०,००० झाडे भरली. छत्री गोल, गर्द आणि सावली टाकणारी असल्याने ती वरून चांगली ओळखू येते. ऐंशी हजार हा आकडा वाचून कुणालाही हायसे वाटेल. पण उपग्रहाला दिसतात त्या फक्त छत्र्या. घोट्याएवढे रोप त्याला दिसत नाही, आणि मोठ्या छत्रीखालचे तर नाहीच. म्हणून या आकड्याला लोकसंख्या म्हणताना ती फक्त प्रौढांची आहे हे लक्षात ठेवावे लागते. गावातली शाळा न पाहता नुसती मतदारयादी वाचण्यासारखे हे आहे.

जमिनीवर उतरून केलेल्या पाहण्या वेगळेच सांगतात. फिर्मिहिनच्या चुनखडीच्या पठारावर या झाडाचे सर्वांत मोठे सलग रान आहे. प्रसिद्ध छायाचित्रे बहुतेक तिथली किंवा शेजारच्या दिक्सम पठाराची. निरोगी रानात सर्वांत लहान वर्गात सर्वाधिक झाडे असतात आणि वर जावे तशी संख्या घटते. आलेख काढला तर तो डावीकडे उंच सुरू होतो आणि उजवीकडे उतरतो. फिर्मिहिनचा आलेख घंटेसारखा आहे: मधल्या आणि म्हाताऱ्या वर्गात गर्दी, डावी बाजू जवळजवळ रिकामी. बेटावर इतरत्रही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. हागेर डोंगरांच्या उभ्या ग्रॅनाइट कड्यांवर, जिथे शेळीचा पाय पोचत नाही, तिथे मात्र सर्व वयांची झाडे आढळतात. कारण शोधायला याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. तेच बेट, तेच धुके, तेच पक्षी. मोठा फरक चराईचा.

‘संकटग्रस्त’ या एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबले जातात. एकात मोठी झाडे तोडली जातात किंवा मरतात. दुसऱ्यात मोठी झाडे धडधाकट असतात, पण त्यांच्यामागे कुणी येत नाही. ड्रॅसिनाला मुख्यतः दुसरा आजार आहे. वनशास्त्रात अशा रानाला अतिपक्व म्हणतात. डोळ्याला ते सर्वांत देखणे दिसते ते याच अवस्थेत, छत्र्या एकमेकींना टेकलेल्या असताना. म्हणून छायाचित्र पाहून रानाची प्रकृती ठरवू नये, हे आवर्जून लिहितो आहोत.

लहान झाडे न मोजता कारण सांगितले की काय होते, त्याचे उदाहरण दुसऱ्या एका बेटावरचे आहे. मॉरिशसमधल्या तांबालाकोक झाडाची केवळ १३ म्हातारी झाडे उरली आहेत आणि डोडो पक्षी नष्ट झाल्यामुळे त्याचे बी रुजणेच थांबले, असा सिद्धान्त १९७७ मध्ये मांडला गेला. गोष्ट इतकी गोड होती की ती शालेय पुस्तकांपर्यंत गेली. पुढे शेकडो झाडे आढळली, त्यांत डोडोनंतर जन्मलेलीही होती, आणि बी पक्ष्याच्या पोटात न जाताही रुजते हेही दिसले. खरी अडचण बाहेरून आणलेल्या माकड-डुकरांची आणि तणांची होती. त्याही झाडाच्या खोडात वयाची वलये नीट उमटत नाहीत, त्यामुळे ‘सगळी तीनशे वर्षांवरची’ हे विधान तपासल्याशिवाय खपून गेले.

सोकोत्रात बी ते झाड ही साखळी कुठे तुटते ते आता पाहू. फुले साधारण फेब्रुवारीपासून येतात, जागेनुसार मागेपुढे. फळ पिकायला पाचेक महिने लागतात. आधी हिरवे, मग काळपट आणि शेवटी नारिंगी-लाल होणारे हे छोटे गरदार फळ असते. त्यात एक ते तीन बिया. बी ४ ते ५ मिलिमीटरचे, वजन सरासरी ६८ मिलिग्रॅम. तांबूस पंखांच्या काळ्या मैना आणि इतर पक्षी फळे खातात आणि बी लांब टाकतात. म्हणजे फुलोरा येतो, फळ धरते, वाहकही हजर आहेत. बी रुजतेही: पावसानंतर झाडांखाली, दगडांच्या फटींत कोवळी रोपे दिसतात. साखळी तुटते ती त्यानंतर. कोरड्या, वाऱ्याच्या महिन्यांत काही रोपे वाळतात, आणि जी तगतात ती शेळ्यांच्या तोंडी जातात.

ड्रॅसिनाचे रोप पहिली कित्येक वर्षे खोडच धरत नाही. जमिनीलगत तलवारीसारख्या पानांचा एक पुंजका, एवढेच त्याचे रूप. वाढीचा डोळा त्या पुंजक्याच्या मधोमध, जमिनीपासून बोटभर उंचीवर असतो. दुष्काळात आजूबाजूचे सगळे करपलेले असताना हिरवा राहतो तो हाच पुंजका. शेळीने बाहेरची पाने खाल्ली तर रोप सावरू शकते. मधला कोंब ओरबाडला की बहुधा संपते. आणि शेळी वरून, मधूनच खाते. या झाडाला शेळीच्या तोंडाच्या वर, म्हणजे दीड-दोन मीटर उंच, शेंडा न्यायला दशके लागतात. दशकभर राखले आणि अकराव्या वर्षी एका दुपारी कुंपण उघडे राहिले, तर दहा वर्षे तासाभरात जातात. सोकोत्रातल्या लागवडींचे खरे दुखणे हे आहे.

यात शेळ्या पाळणाऱ्यांना खलनायक ठरवू नये. बेटावरचे लोक शतकानुशतके शेळ्या-मेंढ्या, गायी आणि उंट पाळत आले आहेत, आणि झाडे त्यांच्यासोबतच इथवर आली. पूर्वी कळप हंगामाप्रमाणे एका चरणीवरून दुसरीवर हलत. कोणत्या कुळाने कुठे, केव्हा चारायचे याचे करार असत आणि ते पाळलेही जात. दुष्काळात जनावरे मरत, त्यामुळे संख्या आपोआप आटोक्यात येई. बाहेरून धान्य आणि चारा येऊ लागला, रस्ते झाले, पाण्याची सोय झाली, तसे कळप वर्षभर एकाच जागी राहू लागले. झाडाला दोन दुष्काळांच्या मध्ये जी उसंत मिळायची ती गेली. हाच बदल गणितातही दिसतो: नव्या झाडांची खेप येण्यासाठी सलग काही वर्षांची चराईबंदी लागते, आणि आता तशी वर्षे येतच नाहीत.

हवामानाची बाजूही आहे. बेटावर सरासरी पाऊस वर्षाला सुमारे २१६ मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. डोंगरमाथ्यांवर मात्र धुक्यातून मिळणारे पाणी एकूण ओलाव्याच्या दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे वर्षाला ८०० मिलिमीटरपर्यंत असू शकते, असा अंदाज आहे. ड्रॅसिनाची छत्री या धुक्यासाठीच घडल्यासारखी आहे. पाने फक्त कोवळ्या फांद्यांच्या टोकांना, वर रोखलेली, ६० सेंटिमीटरपर्यंत लांब. त्यांच्यावर धुके थेंब होऊन जमते, पानांच्या तळाशी ओघळते आणि फांद्या-खोडावरून मुळांपाशी येते. दाट सावलीमुळे ते लगेच उडूनही जात नाही. म्हणून या झाडाखाली उघड्या माळापेक्षा कितीतरी जास्त वनस्पती वाढतात. हेमिडॅक्टिलस ड्रॅसिनॅकोलस नावाची एक पाल तर याच झाडांवर राहते आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. एक झाड पडले की त्याच्याखालची ओलही जाते, आणि नव्या रोपाला लागणारी जागा आणखी कोरडी होते. रान विरळ होण्याला अशी गती येते.

रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, हवामान पाहता जितक्या क्षेत्रात हे झाड वाढू शकेल त्याच्या फक्त ५ टक्के भागात ते आज आहे. आणि २०८० पर्यंत ते अनुकूल क्षेत्रच ४५ टक्क्यांनी घटेल. यातला ५ टक्क्यांचा आकडा आशेचा आहे असे आम्ही मानतो. जागा अजून शिल्लक आहे, पण ती उंचावर आणि धुक्याच्या पट्ट्यात. आज झाडे आहेत त्या सखल कडांवर नव्या लागवडीचा खर्च करण्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

मग वादळे आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने चपला आणि मेघ या दोन चक्रीवादळांनी बेटाला तडाखा दिला, आणि मे २०१८ मध्ये मेकुनूने. खडकाच्या फटींत उथळ मुळे आणि वर जड छत्री, अशी म्हातारी झाडे उन्मळून पडली; जुनी, पोकळ खोडे मधूनच मोडली. एरवी हे झाड इतके हळू मरते की शंभर वर्षे नवे झाड आले नाही तरी रान भरलेलेच दिसते. वादळाने ती झाकली गेलेली तूट एका रात्रीत उघडी केली.

रोपे लावायची तर किती लागतील, याचा ठोकताळा कुणालाही कागदावर मांडता येईल. ऐंशी हजार प्रौढ झाडे आहेत. एक झाड सरासरी ४०० वर्षे जगते असे समजू. तर नेहमीची मर भरून काढायला दरवर्षी २०० नवी झाडे प्रौढ व्हायला हवीत. रोपापासून पहिल्या फाट्यापर्यंत ५० वर्षे लागतात असे धरले, तर कोणत्याही क्षणी वेगवेगळ्या वयाची किमान १०,००० तरुण झाडे उभी हवीत, आणि हे एकही रोप मरत नाही असे मानून. निम्मी मरतात असे धरले, तर दरवर्षी ४०० नवी रोपे कुंपणाच्या आत आली पाहिजेत. गृहीतके बदला, आकडे थोडे बदलतील; पण दोन गोष्टी बदलणार नाहीत. वर्षाची गरज प्रचंड नाही, काही शेकड्यांची आहे. मात्र ती दरवर्षी, न चुकता, अर्धशतक भागवावी लागते. एका वादळात समजा ४,००० झाडे पडली, तर वीस वर्षांची भरपाई एका दिवसात देणे लागते.

म्हणूनच ‘एका दिवसात पाच हजार रोपे’ या धर्तीच्या मोहिमा इथे उपयोगाच्या नाहीत. त्यांतली सगळी रोपे एकाच वयाची. जगली तरी पुन्हा एकवयीन रान तयार होईल, म्हणजे आजचाच आजार तीनशे वर्षांनी. आणि बहुधा ती जगणारच नाहीत, कारण पाच हजार रोपांना पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालणारे आणि दहाव्या वर्षी कुंपण बघणारे हात त्या मोहिमेच्या अंदाजपत्रकात नसतात.

रोपवाटिकेचे काम त्या मानाने सोपे आहे, पण काही चुका नेहमी होतात. फळ पूर्ण नारिंगी-लाल झाल्यावरच बी घ्यावे. हिरव्या-काळ्या फळातले बी कच्चे असते. गर पूर्ण धुऊन काढावा, नाहीतर त्यावर बुरशी धरते आणि ती बियांत शिरते. बी सावलीत सुकवून लवकर पेरावे. एकाच झाडाचे बी भरपूर मिळते म्हणून तेवढेच घेण्याचा मोह होतो; तो टाळून निदान वीस-तीस आईझाडांचे, एकमेकांपासून दूर असलेल्या जागांचे बी घ्यावे आणि पिशव्यांवर जागा व उंची लिहावी. सखल भागातल्या झाडांचे बी डोंगरावर आणि डोंगरावरचे खाली नेऊ नये. पेरणी सेंटिमीटरभर खोल, निचरा होणाऱ्या भरड मिश्रणात. दगडचुरी आणि थोडी पानमाती पुरे. तापमान २६ ते ३० अंशांच्या आसपास असले की उगवण चांगली होते. काही आठवड्यांत कोंब दिसतो. यानंतरची मर बहुधा जास्त पाण्याने होते: कुंडीत पाणी साचले की मुळांचा तळ सडतो आणि पाने पिवळी पडू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये. कुंडी रुंदीपेक्षा खोलीने मोठी असावी. वाटिकेतली माती, खत, पिशव्या बेटाबाहेरून आणू नयेत. त्यांतून मुंग्या, सूत्रकृमी आणि तणांचे बी येते, आणि बेटावर एकदा आलेले तण परत जात नाही.

रोप बाहेर लावताना खड्डा खणण्यापेक्षा खडकातला मातीचा कप्पा शोधावा. अशा कप्प्यांत आजूबाजूच्या दगडावरचे धुक्याचे पाणी ओघळून येते. जिवंत मोठ्या झाडाच्या छत्रीची कड ही उत्तम जागा: अर्धी सावली, थेंबांची ओल. लागवड थंडीच्या मोसमी पावसाच्या सुरुवातीला करावी, म्हणजे नैर्ऋत्येच्या कोरड्या, सोसाट्याच्या वाऱ्यापूर्वी मुळांना काही महिने मिळतात. वाऱ्याच्या बाजूने दगडांची हातभर उंच चंद्रकोर रचावी. पहिले दोन कोरडे हंगाम थोडे पाणी द्यावे, पण खोलवर. रोज शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात.

खरे काम कुंपणाचे. तारेची जाळी लवकर उभी राहते, पण समुद्राची खारी हवा ती गंजवते आणि वादळ ती लोळवते. सोकोत्रातले लोक पिढ्यान्‌पिढ्या दगडी गडगे रचून आपल्या परसबागा राखतात. गडगा महाग नाही, पण तो रचायला माणसे लागतात आणि तो नीट रचला नाही तर शेळी सहज चढते. उंची दीड मीटर, बाहेरची बाजू जवळजवळ उभी, वरच्या थरात सैल, हलणारे दगड. सैल दगडावर शेळी पाय ठेवत नाही. गडग्याच्या बाहेर दोन मीटरपर्यंत एकही मोठा दगड किंवा झुकलेले झुडूप राहू देऊ नये, ती तिची पायरी होते. फाटक एकच, आणि तेही अरुंद. एका मोठ्या आवारापेक्षा दहा छोटी आवारे बरी: एखादे फुटले तरी नऊ राहतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे आवार घातले की रोपांची वयेही आपोआप वेगवेगळी होतात. आवारात नुसते ड्रॅसिना लावू नये. शेळ्या न खाणारी आणि काटेरी स्थानिक झुडपे आत वाढू द्यावीत. गडगा ढासळला तर रोपाचा शेवटचा आडोसा तीच असतात. काही आवारांत काहीच न लावता नुसती चराई थांबवून पाहावी. आईझाडे जवळ असतील तर बी आपसूक येते, आणि अशी रोपे जागा स्वतः निवडतात. लागवडीपेक्षा हे स्वस्त असून क्वचितच केले जाते, याची आम्हाला खंत वाटते.

गडग्याच्या देखभालीचा पैसा रचण्याच्या पैशांपासून वेगळा आणि आधी ठरला पाहिजे. ज्या कुळाची चरणी तिथे आहे त्याच कुळातल्या माणसाला राखणीचे वेतन मिळावे, आणि बंद केलेल्या जमिनीच्या बदल्यात दुष्काळातल्या चाऱ्याची हमी असावी. दुष्काळात लोक जनावरांसाठी ड्रॅसिनाच्या पानांचे शेंडे तोडतात. चारा मिळाला तर ते थांबते. पोकळ खोडांपासून केलेली मधमाश्यांची घरे आणि राळेसाठी सालीवर घातलेले घाव हेही झाडाला भोवतात, पण रान थांबले आहे ते त्यांमुळे नव्हे. २००० साली येमेन सरकारने बेटाचा विभागवार संवर्धन आराखडा मंजूर केला. पुढे युद्ध आले आणि कागदावरच्या विभागांना जमिनीवर माणूस राहिला नाही. त्यामुळे जे काही टिकणार ते गावाच्या कराराने.

पर्यटकांसाठी एवढेच: छत्रीखाली तंबू ठोकू नये, कारण पायाखाली तुडवला जातो तो पुंजका गवतासारखाच दिसतो. आणि बी, रोप किंवा राळ न काढलेली साल बेटाबाहेर नेऊ नये.

आमची विनंती साधी आहे. यापुढे या झाडाविषयी काही छापताना किती रोपे लावली हा आकडा एकट्याने छापू नये. त्यासोबत तीन आकडे मागावेत: पाच वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत, शेजारच्या कुंपण नसलेल्या तितक्याच जागेत किती आहेत, आणि गडगा शेवटचा कधी डागडुजला. जमल्यास एक छायाचित्रही छापावे, छत्र्यांचे नव्हे, गडग्याच्या आतल्या घोट्याएवढ्या पुंजक्याचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा एक.

कळावे,
वनस्पतींचे अभ्यासक असलेले काही वाचक